उटीला जाताना नीलगिरीच्या मूळ लोकांचा वारसा नीट कसा पाहायचा?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमचा पंधरा जणांचा गट उटी, कुन्नूर आणि कोटगिरी असा पाच दिवसांसाठी जातो आहे. निम्मी मुलं आठवी-नववीतली आहेत. तलावात बोटिंग, चहाचा मळा, चॉकलेटची खरेदी एवढ्यावर सहल संपू नये असं वाटतं. इंग्रज येण्याआधी या डोंगरांवर जे लोक राहत होते आणि आजही राहतात, त्यांच्याबद्दल मुलांना काही खरं कळावं.

तोडा हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यांच्याशिवाय आणखी कोण? तोडांच्या वस्तीत बाहेरच्यांनी गेलेलं चालतं का, आणि तिथे काय टाळायचं? लाल-काळ्या भरतकामाच्या शाली बाजारात भरपूर दिसतात, त्यातली हाताची कशी ओळखायची? शिवाय मुलांच्या हातून तिथे पन्नासेक झाडं लावून घ्यावीत असाही विचार आहे. त्यासाठी कुठली जागा योग्य?

---

घाटमाथा

आधी 'कोण' ते सांगतो. बाकीचं त्यावरूनच उलगडत जातं.

वरच्या पठारावर तोडा, म्हशी पाळणारे. पठारावरच, पण वेगळ्या गावांत कोटा. हे लोहार, सुतार आणि वाजंत्री. त्यांच्या बायका मातीची भांडी घडवतात. कोटांची गावं पूर्वापार सातच, आणि ती सगळ्या डोंगरभर पसरलेली. उतारांवरच्या जंगलात कुरुंबा आणि इरुळा : मध, औषधी वनस्पती, टोपल्या, थोडी फिरती शेती. पश्चिमेला गुडलूरकडे उतरलात की पणिया आणि काट्टुनायकन. या सहाही जमाती केंद्र सरकारच्या 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' या यादीत आहेत, आणि तामिळनाडूतल्या या यादीत एवढ्या सहाच आहेत.

सातवा मोठा समाज बडगा. तो शेतकरी. विजयनगरच्या पडझडीनंतरच्या काळात म्हैसूरच्या मैदानातून वर आलेला. आज जिल्ह्यातल्या स्थानिक समाजांमध्ये संख्येने तोच मोठा आहे. तोडा मात्र जेमतेम दोन हजारांच्या आसपास.

मुलांना सांगण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे हे सगळे एकमेकांवर अवलंबून होते. तोडांकडून दूध-तूप, कोटांकडून कोयते, मडकी आणि अंत्यविधीला लागणारं वाद्यसंगीत, बडग्यांकडून नाचणी-वरीसारखं धान्य, कुरुंबांकडून मध, वेत आणि मंत्रतंत्राचं संरक्षण. ठराविक घराचं ठराविक घराशी पिढ्यान्‌पिढ्यांचं देणंघेणं असे. पैशाचा बाजार, चहा-कॉफीचे मळे आणि कारखान्यातली पत्र्याची भांडी आल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही घडी मोडत गेली. म्हणून फक्त तोडा पाहून परतलात तर चित्र अर्धंच राहील.

आता इतिहास. कालिकतहून फेनिसिओ नावाचा जेझुइट पाद्री १६०३ मध्ये वर चढून तोडांना भेटला होता. म्हणजे 'इंग्रजांनी नीलगिरी शोधली' हे वाक्य मुलांच्या वहीत नको. १८१९ मध्ये कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन वर आला, १८२२ मध्ये त्याने तोडांकडून एकरी एक रुपया अशा दराने जमीन घेतली आणि 'स्टोन हाऊस' बांधायला काढलं. आजचं उटी शहर त्या जागेभोवती वाढलं. सलिव्हन तोडांचा जमिनीवरचा हक्क मान्य करत होता. मद्रासचे गव्हर्नर लशिंग्टन ते मानायला तयार नव्हते. हा वाद अनेक वर्षं चालला. शेवटी तोडांच्या वाट्याला उरला तो वस्तीभोवतीचा तुकडा आणि चराईचा हक्क. मालकी सरकारकडे गेली. उटीत तुम्ही जिथे उभे राहाल, रेसकोर्स असो, तलाव असो की गार्डन, ती बहुतेक जागा म्हशींचं कुरण होती, हे एकदा लक्षात आलं की शहर वेगळं दिसू लागतं.

एक सूचना. तोडा म्हणजे इस्रायलची हरवलेली टोळी, सुमेरियन, ग्रीक वगैरे कथा काही गाडीवाले रंगवून सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियनांच्या या कल्पना आहेत. तोडा भाषा द्राविडी कुळातली आहे, कोटा भाषेची सख्खी नातलग. तसंच जुन्या बहुपतित्वाच्या प्रथेवरून चघळून प्रश्न विचारणं. पर्यटक तेच विचारतात आणि लोकांना त्याचा मनापासून वीट आलेला असतो. मुलांना आधीच बजावून ठेवा.

---

वेताची कमान

वस्तीबद्दल लिहिते. तोडांच्या वाडीला मुंड म्हणतात. उटीच्या बोटॅनिकल गार्डनच्या वरच्या अंगाला एक मुंड आहे, बहुतेक पर्यटक तिथेच जातात. तिथे बरीचशी पक्की सिमेंटची घरं आहेत. ती पाहून 'अरे, हे खरं नाही' असं मुलांनी म्हणू नये. ते लोक खरे आहेत, घरं बदलली आहेत, आणि का बदलली ते समजून घेण्यासारखं आहे.

जुनं घर म्हणजे आडव्या अर्ध्या पिंपासारखं. उंची साधारण ३ मीटर, लांबी साडेपाच, रुंदी पावणेतीन. जाड बांबू वाकवून कमानी करतात, त्यांवर बारीक बांबू आडवे, शेजारी शेजारी घट्ट, वेताने बांधतात आणि वर गवताचं जाड शाकार. पुढची-मागची भिंत फळ्यांची किंवा दगडाची. दार जेमतेम ९० सेंटिमीटर उंच आणि तेवढंच रुंद, त्यामुळे आत रांगतच जावं लागतं. आत एका बाजूला झोपायचा ओटा, दुसरीकडे चूल. घराभोवती सैल दगडांचं बुटकं कुंपण. छोट्या दाराचा फायदा उघड आहे : पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्री हिमदव पडतो, वारा बोचरा असतो, आणि पूर्वी रानटी जनावरांची भीतीही असे. चुलीचा धूर गवताला लागत राहतो, त्यामुळे किडे कमी लागतात आणि शाकार जास्त टिकतं. म्हणूनच रिकामं ठेवलेलं, फक्त दाखवायला बांधलेलं झोपडं लवकर कुजतं.

अडचण साहित्याची आहे. बांबू आणि वेत खालच्या जंगलातून आणावा लागतो, तिथे परवानगी लागते. देवळाच्या शाकारासाठी जे गवत लागतं (एरिओक्रायसिस रंगाचारी) ते नीलगिरीच्या वरच्या पठारावरच्या दलदलीतच वाढतं. त्या दलदली गाजर-बटाटा-कोबीच्या शेतीसाठी निचरा करून कोरड्या केल्या गेल्या, उरलेल्यांचं पाणी निलगिरी (युकॅलिप्टस) आणि वॉटल या बाहेरून आणून लावलेल्या झाडांनी ओढलं. देऊळ पुन्हा शाकारायचं तर आता पुरुषांना लांबलांबच्या दलदली शोधत हिंडावं लागतं. वाटेल ते गवत घालून चालत नाही. ते देवळाला मान्य नाही आणि पाऊसही धरत नाही.

तोडांचं देऊळ म्हणजे म्हशींच्या दुधाचं घर. पुजारी आत दूध घुसळतो, त्याचं पाणी वेगळ्या झऱ्याचं, भांडी वेगळी, वागण्याचे नियम कडक. बहुतेक देवळं घरासारखीच कमानीची, पण आकाराने लहान. शंकूच्या आकाराची उंच देवळं फार थोडी उरली आहेत. उटीजवळच्या मुत्तनाडू मुंडात एक आहे. तोडा बायकादेखील देवळाजवळ जात नाहीत, मग बाहेरच्यांचा प्रश्नच येत नाही. कुंपणाच्या दगडावर बसणं, त्यावर पाय ठेवणं, आत हात घालून फोटो काढणं, यातलं काहीही नको.

जाण्याची रीत सांगते. पंधरा जणांनी एकदम शिरू नका, पाच-सहाचे गट करा. वस्तीच्या कडेला थांबा, जो भेटेल त्याला विचारा, तो हो म्हणाला तरच पुढे. सगळे तमिळ बोलतात, त्यामुळे तमिळ येणारा कोणी सोबत असला तर उत्तम. माणसांचा फोटो विचारल्याशिवाय नाही. देवळाचा लांबूनही विचारूनच. तोडा पारंपरिकरीत्या शाकाहारी आहेत, डब्यात मांसाहार घेऊन वस्तीत जाऊ नका. मुलांना गोळ्या-पैसे वाटू नका. द्यायचंच असेल तर वस्तीत विकायला ठेवलेली वस्तू सांगितलेल्या किमतीला घ्या, घासाघीस न करता.

आणि म्हशी. मोठ्या चंद्रकोरी शिंगांच्या, मोकाट चरणाऱ्या, अनोळखी माणसावर चाल करून येणाऱ्या. त्या गोठ्यातल्या म्हशी नव्हेत. चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवा, वासरू आणि आई यांच्या मध्ये येऊ नका, मोबाइल पुढे करून जवळ सरकू नका.

---

सुईधागा

शालीचं मी सांगते. या भरतकामाला 'पुखूर' म्हणतात आणि ते ज्यावर असतं त्या अंगावर घ्यायच्या शालीला 'पुतकुळी'. बायका आणि पुरुष दोघंही ती सणासमारंभाला पांघरतात, आणि मृतदेहही त्यातच गुंडाळतात. म्हणजे ही फॅशनची वस्तू म्हणून सुरू झालेली नाही. २०१३ मध्ये या कामाला भौगोलिक निर्देशांक (जीआय मानांकन) मिळाला.

कापड तोडा स्वतः विणत नाहीत, ते बाहेरून येतं. जाडसर, पांढरट, साध्या विणीचं सुती. विण साधी आणि जाड असावीच लागते, कारण सगळं काम धागे मोजून होतं. कापडावर नक्षी काढलेली नसते, फ्रेम नसते, समोर नमुना नसतो. उभे-आडवे धागे बोटांनी मोजत सुई उलट्या बाजूने चालते. धागा लाल किंवा काळा, आता बहुतेक लोकरी. प्रत्येक वळणावर धागा किंचित सैल सोडतात, त्यामुळे नक्षी फुगीर होते आणि लांबून भरलेली न वाटता विणलेली वाटते. एक धागा चुकला की सगळी ओळ सरकते आणि ती उसवावीच लागते. मोठ्या शालीला काही आठवडे ते काही महिने लागतात, कारण घरकाम सांभाळून वेळ मिळेल तेवढंच होतं.

दुकानात ओळखायचं असं :

उलटी बाजू पाहा. हाताच्या कामात दोन्ही बाजू नीटनेटक्या, वापरता येतील अशा असतात. यंत्राच्या कामात खालून बॉबिनचा दुसरा, बारीक, बहुधा पांढरा धागा दिसतो. तो दिसला की विषय संपला. मागे कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असेल तरी यंत्राचंच.

बोट फिरवा. हाताचं काम उंचसखल लागतं, यंत्राचं सपाट आणि कडक. छापील नकलेत तर काही लागतच नाही.

कापडाचे धागे नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नसतील तर त्यावर हे काम झालेलं असणं अवघड. गुळगुळीत पॉलिस्टरवर 'तोडा वर्क' दिसलं तर सरळ पुढे चला.

एकाच आकृतीत बारीक फरक शोधा. म्हशीची शिंगं, डोंगरउतार, फुलं, मधाचं पोळं हे नेहमीचे नमुने. हाताच्या कामात शेजारच्या दोन आकृत्या अगदी शिक्का मारल्यासारख्या नसतात.

किंमत फार कमी असेल तर शंका घ्या. शाल परवडत नसेल तर हाताने भरलेला मोबाइलचा कव्हर, पर्स किंवा टेबलमॅट घ्या. यंत्रावरची स्वस्त शाल घेऊ नका, कारण त्या प्रत्येक शालीने एका बाईचं महिन्याचं काम मारलं जातं. शक्य असेल तर वस्तीतल्या बाईकडूनच घ्या. नाहीतर भौगोलिक निर्देशांकासाठी अर्ज करणाऱ्यांत असलेल्या पूम्पुहार (तामिळनाडू सरकारचं हस्तकला महामंडळ) किंवा कोटगिरीच्या कीस्टोन फाउंडेशनशी जोडलेल्या लास्ट फॉरेस्टच्या दुकानात विचारा.

धुताना : पहिल्या दोन धुण्यांत लाल रंग सुटण्याची शक्यता असते, म्हणून वेगळी, गार पाण्यात, सौम्य साबणाने. भिजत ठेवू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत आडवी वाळवा. सैल धाग्यात अंगठी-बांगडी अडकते. धागा बाहेर आलाच तर कापू नका, बोथट सुईने हळूहळू मागच्या घरांत वाटून टाका.

---

कुरणराखा

झाडं लावू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण नीलगिरीच्या वरच्या पठाराचं जे नुकसान झालं ते झाडं लावूनच झालं.

या पठाराचं मूळ रूप म्हणजे उघडी गवताळ टेकाडं आणि त्यांच्या घळींत दाट, बुटकी सदाहरित वनं. त्या वनांना शोला म्हणतात. गवतावर हिमदव पडतो, त्यात शोलाची रोपं मरतात, म्हणून झाडं घळींतच राहतात. गवताचा थर पावसाचं पाणी स्पंजासारखं धरतो आणि ते उन्हाळाभर झऱ्यांतून सोडतो. इंग्रजांच्या महसूल खात्याला मात्र झाड नसलेली, नांगर न लागलेली जमीन म्हणजे 'पडीक' वाटली. मग निलगिरी (युकॅलिप्टस) आली, ऑस्ट्रेलियन वॉटल आली. जळाऊ लाकडासाठी, कातडी कमावायच्या सालीसाठी, पुढे स्वातंत्र्यानंतर कापडधाग्याच्या कारखान्यांच्या लगद्यासाठी. त्यात चहा, भाजीपाला आणि धरणांची भर. म्हशींना चरायला गवत उरलं नाही, कळप घटले, कळप घटले तशी कित्येक दूधदेवळं बंद पडली. वर 'वेताची कमान' यांनी शाकाराच्या गवताबद्दल लिहिलं आहे, तेही याच साखळीतलं. तोडांचा वारसा वाचवायचा म्हणजे घर किंवा शाल वाचवून भागत नाही. मुळाशी गवत आहे. कासच्या पठारावर कोणी वडपिंपळ लावायला निघालं तर आपण जसं अडवू, तसंच इथे.

वॉटल काढणंही सोपं नाही. नुसतं तोडलं की बुंध्यापासून फुटवे येतात. जमिनीतलं बी अनेक दशकं जिवंत राहतं आणि ऊन लागलं की हजारोंनी उगवतं. म्हणून तोडल्यानंतर सलग काही वर्षं पावसाळ्यानंतर, माती मऊ असताना, रोपटी मुळासकट उपटावी लागतात आणि मोकळ्या जागी स्थानिक गवताचे ठोंब लावावे लागतात. दोन वर्षांत सोडून दिलं तर आधीपेक्षा दाट वॉटल होतं. हे काम वनखात्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या देखरेखीतच व्हावं. पाहुण्यांनी एका दुपारी करण्यासारखं ते नाही.

मुलांसाठी याहून चांगला उपक्रम सुचवतो. उटीहून पायकाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वेनलॉक डाउन्सची कुरणं लागतात. रस्त्याच्या कडेला थांबून मुलांना एक चौरस मीटर दोरीने आखायला सांगा (गवत न तुडवता, काही न उपटता) आणि त्यात किती प्रकारची पानं दिसतात ते मोजायला सांगा. नंतर जवळच्या निलगिरीच्या बनाखाली तसाच चौरस. फरक मुलांना आपोआप दिसेल. निळी कुरिंजी पाहायची असेल तर मात्र थांबावं लागेल : बारा वर्षांनी फुलते, २०१८ मध्ये फुलली होती, पुढची पाळी २०३० ची.

---

रानजाई

खूप आभार. झाडांचा बेत रद्द केला. चौरस मीटरची कल्पना फारच आवडली. डिसेंबरच्या शेवटी एखादा उत्सव पाहायला मिळेल का? आणि पाच दिवस कसे लावावेत?

---

घाटमाथा

डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला मुत्तनाडू मुंडात तोडांचं नवं वर्ष, 'मोदवेत', असतं. वेगवेगळ्या मुंडांतले पुरुष पुतकुळी पांघरून जमतात, शंकूच्या देवळात प्रार्थना होते, मग हातात हात गुंफून गोल नाच, आणि तरुण मुलं जड गोल दगड खांद्यावर उचलून दाखवतात. तारीख समाजातले जाणते ठरवतात, दर वर्षी बदलते. उटीला पोचल्यावर चौकशी करा. पाहुणे सहसा बाहेरच्या मोकळ्या जागेतून पाहू शकतात, पण पुढे पुढे करू नका, ड्रोन तर अजिबात नको. सकाळी गवत दवाने पांढरं असतं. मुलांना कानटोपी, हातमोजे आणि बंद बूट हवेत. याच दिवसांत कोटांचा कामटराय देवाचा मोठा उत्सव असतो आणि बडग्यांचा हेत्तै अम्मनचाही. कोटांच्या गावात त्या दिवसांत बोलावणं असल्याशिवाय जाऊ नका, त्यांचे सोवळ्याओवळ्याचे नियम काटेकोर असतात.

पहिला दिवस उटीतच : आधी स्टोन हाऊस (सरकारी आवारात आहे, फाटकावर विचारून), मग बोटॅनिकल गार्डन आणि वरचा मुंड. या क्रमाने गेलात तर जमीन कोणाची होती आणि काय झालं हे पायाखालीच कळतं. दुसऱ्या दिवशी एम. पालाडाचं आदिवासी संशोधन केंद्र, उटीपासून सुमारे १० किलोमीटर. त्याच्या संग्रहालयात सगळ्या जमातींच्या घरांच्या प्रतिकृती, वाद्यं आणि अवजारं एकत्र पाहायला मिळतात. सरकारी सुट्टीला बंद असतं, आदल्या दिवशी फोन करूनच निघा. तिसऱ्या दिवशी पायकारा रस्त्याची कुरणं. उरलेले दोन दिवस कोटगिरीला द्या. ती बाजू कुरुंबा, इरुळा आणि कोटांची, गर्दीही कमी.

कोटगिरीत मध जरूर घ्या. कड्यावरच्या आग्या माश्यांचा मध कुरुंबा आणि इरुळा दोर टाकून काढतात, मुख्य हंगाम उन्हाळ्याचा. जांभळीच्या फुलोऱ्याचा मध चक्क कडवट लागतो, ती भेसळ नव्हे. रानमधात पाण्याचा अंश जास्त असल्यामुळे तो फसफसतो. बाटली काठोकाठ भरलेली नको आणि प्रवासात दोन दिवसांनी झाकण जरा सैल करून वायू जाऊ द्या. कुरुंबांची चित्रंही तिथे मिळतात. वेल्लेरीकोंबईच्या कातळचित्रांशी नातं सांगणारी ती परंपरा आहे. जुन्या पद्धतीत तांबूस रंग बिबळ्याच्या झाडाच्या डिंकाचा आणि हिरवा पानांचा.

परवानग्या : मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने उटीला जाणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. तो तामिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर आधी काढा. भाड्याची गाडी असेल तर गाडीचा नंबर पक्का झाल्यावरच, कारण नंबर बदलला तर चेकपोस्टवर अडकाल. जिल्ह्यात एकदा वापरायच्या प्लास्टिकला बंदी आहे, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्याही त्यात आल्या. प्रत्येकाकडे स्टीलची बाटली असू द्या.

---

वेताची कमान

एकच भर. मुंडात गेल्यावर मुलांना घरांबद्दल प्रश्न विचारायचे असतील तर 'तुम्ही असे का राहता' असं नको. 'हे शाकार किती वर्षं टिकतं', 'गवत कुठून आणता', 'बांबू कोण वाकवतं' असं विचारायला शिकवा. कामाबद्दल विचारलं की माणसं मोकळी बोलतात, आणि म्हातारी माणसं तर उठून दाखवायलाही येतात.